डॉकिंगला एकच भारी कॅमेरा का पुरत नाही?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की केळीच्या ट्रकला दोन-चार हजाराचा रिव्हर्स कॅमेरा लावला की नवखा पोरगा पण ट्रक नीट मागे घेतो, मग इस्रोने स्पेडेक्सला, म्हणजे कक्षेत दोन सॅटेलाइट एकमेकांना जोडायच्या (डॉकिंगच्या) मोहिमेला, लेझर, कॅमेरे, जीपीएस, रेडिओ एवढी वरात कशाला नेली, एकच भारी कॅमेरा आणि एआय लावून का नाही भागलं. आणि दुसरं म्हणजे फायनल इयरला जळगावात बसून यातलं काय करता येईल. दुसऱ्याचं शेवटी सांगतो, आधी पहिलं.

मी मूळ रावेरकडचा, वीस-बावीस वर्षं लेझर रेंजफाइंडर (लेझरने अंतर मोजायचं यंत्र) आणि कॅमेरा सेन्सरच्या टेस्टिंग-कॅलिब्रेशनमध्ये घातली. स्पेडेक्सच्या टीममध्ये मी नव्हतो बरं का, त्याचे जे आकडे खाली देतोय ते इस्रोने जाहीर केलेलेच आहेत.

आता ट्रकचंच बघू, उदाहरण तू झकास दिलंस पण अर्धंच दिलंस. कॅमेरा असला तरी क्लिनर मागे उभा असतोच ना भो, फाळक्यावर थाप मारत येऊ दे येऊ दे करतो, आणि तो मधेच गप्प झाला की ड्रायव्हर आधी ब्रेक दाबतो आणि मग विचारतो काय झालं. म्हणजे दोन माणसं दोन जागेवरून बघताहेत आणि एकाचा आवाज बंद झाला की गाडी थांबते. एवढं डोक्यात ठेव, पुढचं सगळं त्यावरच आहे. अंतर मोजायला तर आता मोबाईल पण मोजतो. खरी बोंब अशी की सेन्सर चुकला तरी आकडा देतच राहतो, आणि नुसत्या त्या आकड्याकडे बघून तो चुकलाय हे कळत नाही.

भुसावळच्या यार्डात कधी शंटिंग बघितलंयस का? इंजिन हळूहळू येतं, झेंडीवाला इशारा करतो, खाडकन कपलिंग बसतं. तिथे फक्त एक आकडा लागतो, किती अंतर उरलं. डावं-उजवं, वर-खाली, तिरकं, गोल फिरणं हे सगळं रुळांनी फुकटात सांभाळलेलं असतं. अंतराळात रूळच नाहीत, त्यामुळे तीन दिशांची जागा, तीन दिशांचा कल, असे सहा आकडे, आणि ते प्रत्येक किती वेगाने बदलताहेत ते वेगळं, असे बारा झाले. हे सगळे सतत लागतात आणि शेवटच्या मीटरभरात तर मिलिमीटरात लागतात. त्यात भर म्हणजे ब्रेक नाही. स्पेडेक्सचे दोन्ही सॅटेलाइट ४७० किमीवर सेकंदाला साडेसात किमीच्या वर वेगाने पळत होते आणि एकमेकांना चिकटताना त्यांचा आपसातला वेग ठेवायचा होता सेकंदाला १० मिलिमीटर, मुंगीची चाल म्हण. आणि पुढच्याला गाठायला सरळ ॲक्सिलरेटर दाबला तर कक्षा वर चढते आणि तू उलट मागे पडतोस, म्हणून प्रत्येक धक्का आधी गणित करून द्यावा लागतो, आणि ते गणित ज्या आकड्यांवर चालतं ते सेन्सरचे.

बरं मग एकच सेन्सर का नाही. इथे मला जरा रमायला आवडतं कारण माझं आयुष्य ह्यातच गेलं.

समज लेझर मारला. समोरच्या सॅटेलाइटवर कॉर्नर क्यूब लावलेला असतो, म्हणजे एकमेकांना काटकोनात बसवलेले तीन आरसे, त्यात उजेड कुठूनही शिरला तरी ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये बारीक बारीक हेच ठोकळे असतात. उजेड जायला-यायला किती वेळ लागला यावरून अंतर, १ नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंमी, त्यामुळे सेंटीमीटर पाहिजे असेल तर ६७ पिकोसेकंदाचा हिशोब ठेवावा लागतो. तेही जमतं. पण जाताना किरण पसरतो आणि येतानाही पसरतो, म्हणून परत येणारा उजेड अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो. आता २००० मीटरवरून २० मीटरवर ये, अंतर शंभर पटीने कमी झालं, उजेड किती वाढला? दहा कोटी पट! लांबून काजव्याएवढा मिणमिणता उजेड पकडायला बनवलेला डोळा जवळ आल्यावर अक्षरशः आंधळा होतो. लेझरची पॉवर कमी कर, फिल्टर आड घाल, गेन म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण उतरव, सगळं करतात, पण एकाच रिसीव्हरकडून तू दहा कोटी पट ताणाची अपेक्षा करतोयस हे विसरू नको.

कॅमेऱ्याचं याच्या बरोबर उलट. जवळ तो राजा. लांब गेला की ठराविक आकाराची खूण दोन-चार पिक्सेलची होते, आणि अंतरातली चूक अंतराच्या वर्गाने वाढते, दहापट लांब गेलास की चूक शंभरपट. त्यात अजून एक गंमत आहे जी कॉलेजात कोणी सांगत नाही. समोरची खूण सपाट असेल आणि तू तिच्याकडे अगदी समोरून बघत असशील तर ती किंचित कललीय हे कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. गणित करून बघ, ३० सेंमीची सपाट पट्टी १ अंशाने कलली तर दिसायला आखडते फक्त ०.०५ मिमीच्या आसपास. पण तीच ३० सेंमीची दांडी तुझ्याकडे तोंड करून पुढे काढली आणि तिच्या टोकाला ठिपका दिला, तर १ अंशाच्या कलाला तो ठिपका ५ मिमी बाजूला सरकतो. शंभरपट फरक, नुसती एक दांडी पुढे काढल्याने! म्हणून डॉकिंगच्या टार्गेटवर मधला क्रॉस मागच्या पाटीपासून उचलून पुढे बसवलेला असतो. लोकांना वाटतं डिझाइन आहे, ते डिझाइन नाही, भूमिती आहे.

आणि लांब, किलोमीटरमध्ये, जीपीएस. दोन्ही सॅटेलाइट तेच जीपीएसवाले सॅटेलाइट ऐकतात, त्यामुळे दोघांच्या चुका बऱ्याचशा सारख्याच असतात आणि वजाबाकीत उडून जातात. एकाच बिघडलेल्या काट्यावर केळीचे दोन घड मोजले तर दोन्ही वजनं चूक पण फरक बरोबर, तसं. पण त्यासाठी दोघांनी आपापला डेटा एकमेकांना सांगायला रेडिओ लिंक लागते, आणि स्पेस स्टेशनसारख्या मोठ्या धुडाजवळ गेलास की अर्धं आकाश झाकलं जातं, पत्र्यांवरून सिग्नल उसळून येतात, मग तो आकडा भरवशाचा राहत नाही.

आता स्पेडेक्सची मांडणी बघ म्हणजे लगेच समजेल. लांबून जीपीएस आणि आपसातला रेडिओ. मग लेझर रेंजफाइंडर ६००० मीटरपासून २०० पर्यंत. रांदेव्हू म्हणजे जवळ येऊन भेटायच्या टप्प्याच्या सेन्सरचा एक सेट २००० ते २५०, दुसरा २५० ते १०. अगदी जवळचा प्रॉक्सिमिटी अँड डॉकिंग सेन्सर ३० मीटरपासून ०.४ मीटरपर्यंत. अगदी शेवटी मेकॅनिझम एंट्री सेन्सर, ८ सेंमी ते ४ सेंमी, म्हणजे उंबऱ्यात पाय पडला का नाही एवढंच सांगणारा. हे आकडे एकमेकांवर चढलेले आहेत बघ. २००० पासून २०० पर्यंत लेझर रेंजफाइंडर आणि रांदेव्हू सेन्सर दोघं एकाच वेळी बोलतात, ३० पासून १० पर्यंत दुसरे दोघं. हे चढवणं मुद्दाम आहे, कारण दुसऱ्याच्या हातात दोर देण्याआधी पहिला आणि दुसरा एकच आकडा सांगताहेत का हे बघायला जागा पाहिजे ना. जपानने १९९८ च्या ७ जुलैला हिकोबोशी आणि ओरिहिमे या जोडीचं डॉकिंग माणसाविना केलं होतं तेव्हाही हाच घाट होता, लांब जीपीएस, मधे लेझर रडार, जवळ कॅमेरा.

तू म्हणशील एवढं कशाला, माणूस तर नुसत्या डोळ्याने करतो. केलं होतं की! २५ जून १९९७, रशियाचं मीर स्पेस स्टेशन. प्रोग्रेस एम-३४ हे सात टनाचं मालवाहू यान, त्याची कुर्स नावाची रेडिओ सिस्टीम त्या टेस्टसाठी बंद ठेवलेली, कमांडर स्टेशनच्या आत बसून यानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर बघत जॉयस्टिकने ते आणत होता. मागे पृथ्वी, पृथ्वीवर ढग, त्या पांढऱ्या-करड्या गोंधळात स्टेशन नीट ओळखू येईना, आणि अंतर किती, वेग किती हे सांगणारा दुसरा कोणी नाही, हातातला लेझर खिडकीतून मारायचा तर यान खिडकीतून दिसेना. आपण फार जोरात येतोय हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. स्पेक्त्र मोड्यूलला, म्हणजे स्टेशनच्याच एका भागाला धडकलं, भोक पडलं, हवा गळायला लागली, आतल्या माणसांनी केबली तोडून-काढून ते दार बंद केलं तेव्हा जीव वाचले. तुझा एक कॅमेरा आणि एक हुशार मेंदू, हाच तर सेटअप होता तो.

बरं लेझर असला म्हणजे खरंच बोलेल असंही नाही. माझाच किस्सा ऐक. एका कंपनीत, नाव सोड, रात्रीची टेस्ट चालली होती, कंपाउंडच्या टोकाला शंभरेक मीटरवर कॉर्नर क्यूब ठेवलेला. ट्रॉली पुढे-मागे केली की आकडा बदलायला पाहिजे, तर आकडा एका जागी खिळलेला, काही केल्या हलेना. माझ्या ज्युनिअरला आनंद झाला, सर नॉइज (आकड्यातली थरथर) बघा किती कमी आलाय म्हणे. तासभर आम्ही केबल काढून लाव, सॉफ्टवेअर परत टाक, सगळं केलं. शेवटी मी चालत गेलो तर मधे भिंतीला वॉचमनची सायकल टेकलेली, मागचा रिफ्लेक्टर आमच्याकडे तोंड करून बसलेला. सायकलचा आकडा आमच्या क्यूबच्या आकड्यापेक्षा जास्त स्थिर होता, म्हणूनच फसलो. खरं रीडिंग थोडं थरथरतं. फारच गुळगुळीत आलं की मला आजही संशय येतो.

आणि हे आमच्यासारख्यांकडेच होतं असं समजू नको. मे २०१२ मध्ये स्पेसएक्सचं ड्रॅगन हे मालवाहू यान पहिल्यांदा स्पेस स्टेशनकडे गेलं तेव्हा त्याच्या लिडारला, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला, जपानच्या किबो मोड्यूलकडून नको ते परावर्तन यायला लागलं, यान थोडं मागे घेतलं, लिडारला दिसणारा पट्टा अरुंद केला म्हणजे सायकल फ्रेमबाहेर गेली म्हण, मग पुढे आले आणि २५ मेला रोबोटिक हाताने पकडलं. शांतपणे मागे गेले हे महत्त्वाचं.

उन्हाच्या तिरिपेवर नासावाल्यांनी एक युक्ती काढली होती ती मला फार आवडते. लेझरचे दोन रंग घ्यायचे, दोन्ही डोळ्याला न दिसणारे, एक ८०० नॅनोमीटर आणि एक ८५० नॅनोमीटर. टार्गेटच्या रिफ्लेक्टरवर अशी काच बसवायची की ८०० गिळून टाकेल आणि ८५० परत पाठवेल. दोन रंगात लागोपाठ दोन फोटो काढायचे आणि वजा करायचे. सॅटेलाइटवरचं सोनेरी फॉइल, सूर्य, पृथ्वी, सगळं दोन्ही फोटोत सारखंच असतं, ते उडून जातं, उरतात फक्त आपले रिफ्लेक्टर. आपण तांदूळ पाखडतो ना तसं.

पण गंमत बघ, ह्याच घराण्यातला सेन्सर घेऊन १५ एप्रिल २००५ ला नासाचं डार्ट नावाचं यान गेलं, मबलकॉम नावाच्या जुन्या सॅटेलाइटजवळ स्वतःच्या डोक्याने जायचं, जमिनीवरून कोणी हात लावायचा नाही. त्याच्या जीपीएस रिसीव्हरच्या वेगात सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास कायमची चूक होती. कॉम्प्युटरचा अंदाज आणि रिसीव्हरचा आकडा जुळेना, फार फाटलं की सॉफ्टवेअर स्वतःला रीसेट करायचं, आणि रीसेट झाल्यावर सुरुवात परत त्याच चुकीच्या वेगापासून! म्हणजे साक्षीदार खोटा ठरला की परत त्यालाच बोलवून विचारायचं. या घोळात थ्रस्टर (यान ढकलणारी छोटी इंजिनं) उगाच उडत राहिले, इंधन संपत आलं, आणि जवळच्या सेन्सरने पूर्ण मोजमाप सुरू करायचा जो ठराविक टप्पा होता तो थोडक्यात हुकला. मग तो सेन्सर दिशा सांगत राहिला पण अंतर सांगेना, यानाला वाटतंय आपण लांब आहोत आणि दूर जातोय, आणि प्रत्यक्षात सेकंदाला दीड मीटरने जाऊन त्या सॅटेलाइटला धडकलं. चांगला सेन्सर असून काय उपयोग, त्याला बोलायची पाळीच आली नाही. माझ्या मते सेन्सरच्या माणसाने आणि सॉफ्टवेअरच्या माणसाने एका टेबलावर बसून डबा खायला पाहिजे, वेगवेगळ्या मजल्यावर बसवले की असे घोळ होतात.

याच्यावर उपाय सगळ्यांनी तोच केलाय. फिल्टरमध्ये, म्हणजे आकडे गाळून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अंदाज ठेवायचा, नवीन आकडा त्या अंदाजापासून फारच लांब असेल तर घ्यायचा नाही, पण सारखाच नाकारावा लागत असेल तर आपलाच अंदाज चुकलाय असं धरून थांबायचं आणि तिसऱ्याला विचारायचं. तिसरा वेगळ्या जातीचा पाहिजे बरं का, दोन कॅमेरे शेजारी लावले तर ऊन दोघांच्याही डोळ्यात जाणार. आणि वाट अशी निवडायची की सगळे सेन्सर मेले तरी यान वाहत वाहत बाजूला जाईल, अंगावर जाणार नाही.

स्पेडेक्सला जानेवारीत उशीर झाला तेव्हा व्हॉट्सॲपवर लोकांनी काय काय लिहिलं, आठवतंय ना? ३० डिसेंबर २०२४ ला लाँच, ७ जानेवारीचं डॉकिंग ९ वर गेलं, मग २२५ मीटरकडे येताना ड्रिफ्ट (आपोआप सरकणं) अपेक्षेपेक्षा जास्त दिसला म्हणून परत थांबले, १२ जानेवारीला १५ मीटर, मग ३ मीटरपर्यंत आणून चक्क मागे नेले. आमच्या चौकात एकजण म्हणे हातातोंडाशी आलेला घास सोडला. मला तर ते बघून बरं वाटलं. ३ मीटरवरून सेन्सरचे आकडे बघून मागे जाता येतं हे सिद्ध झालं, ते पुढे जाण्यापेक्षा कठीण आहे. मधले जे थांबे असतात ना, ५ किमी, दीड किमी, ५००, २२५, १५, ३ मीटर, ते दम खायला नसतात, तिथे जुना आणि नवा सेन्सर ताडून बघतात. १६ जानेवारी २०२५ ला डॉकिंग झालं, तेव्हा ३ मीटरचा थांबा घेतला होता. २० एप्रिलला दुसऱ्यांदा केलं तेव्हा १५ मीटरनंतर मधे न थांबता यान स्वतःच आलं, म्हणजे तोपर्यंत सेन्सरवर भरवसा बसला होता.

रेडिओबद्दल थोडक्यात, सोव्हिएत रशियाने १९६७ मध्ये कॉसमॉस १८६ आणि १८८ ही माणसाविनाची दोन यानं नुसत्या रेडिओवर जोडली, आजही कुर्स चालते, पण तिला दोन्हीकडे अँटेना आणि इलेक्ट्रॉनिक्स लागतं. ऑगस्ट २०१९ ला रशियाचं सोयुझ एमएस-१४ यान स्पेस स्टेशनपासून शंभरेक मीटरवर येऊन माघारी फिरलं कारण स्टेशनकडचाच सिग्नल ॲम्प्लिफायर बिघडला होता, तीन दिवसांनी दुसऱ्या दारावर जोडलं. समोरच्याच्या घरातलं सामान बिघडलं तर तू काय करणार, म्हणून आता बरेचजण ऑप्टिकलकडे, म्हणजे उजेडावर चालणाऱ्या सेन्सरकडे सरकलेत, तिथे समोर फक्त आरसे लागतात, वीज लागत नाही.

एआयचं म्हणशील तर मी विरोधात नाही. मेलेल्या सॅटेलाइटजवळ जायचं, ज्याच्यावर रिफ्लेक्टरही नाही आणि जो गरागरा फिरतोय, तिथे चित्रावरून कल ओळखायला त्याचा उपयोग होणारच. पण त्याला शिकवतात बहुतेक कॉम्प्युटरवर बनवलेल्या चित्रांवर, आणि कक्षेतलं ऊन त्या फॉइलवर जे नाचतं ते त्या चित्रात नसतं. आणि तोही आकडा आत्मविश्वासाने देतो. त्याला क्लिनर पाहिजेच.

आता तुझं प्रोजेक्ट. डॉकिंगची कडी-कुलपं बनवायच्या भानगडीत पडू नको, सगळी टर्म त्यात जाईल. ॲल्युमिनियम सेक्शनवर चार-पाच मीटरची एक ट्रॉली कर, पुढे वेबकॅम, समोर चार एलईडी, त्यातला एक ३० सेंमीच्या दांडीवर पुढे काढलेला, आणि सोबत टाइम ऑफ फ्लाइटवाला (उजेड जायला-यायला लागणारा वेळ मोजणारा) छोटा लेझर सेन्सर, जो स्वस्तात मिळतो आणि दोनेक मीटरपर्यंत चालतो, उन्हात तर तेवढाही नाही. लांब असताना कॅमेरा, दोन मीटरच्या आत दोघं, आणि दोघांचं जुळलं नाही की ट्रॉली मागे गेली पाहिजे. कोड लिहिताना मागे जायचं फंक्शन पहिलं लिही. मग मित्राला सांग की तुला न सांगता कधी टॉर्च मार, कधी एक एलईडी झाक, कधी मधे स्टीलचं ताट धर, आणि प्रत्येक वेळी ट्रॉलीने किती वेळात ओळखलं ते वहीत लिहून ठेव. व्हायवाला डॉक झाल्याचा व्हिडिओ सगळेच दाखवतील, तू ती वही दाखव.

खरा कॉर्नर क्यूब आणि लांब पल्ल्याचं काही करून बघायचं असेल तर माझ्याकडे जुना टेस्ट बेंच पडलाय, शेतात केळीच्या दोन बागांच्या मधे सरळ दीडशे मीटरचा रस्ता मिळतो. ठिबकचे फिल्टर आणि स्टीलच्या बादल्या आधी झाकाव्या लागतील, अनुभवाचे बोल आहेत. फक्त मे महिन्यात येऊ नको, आपल्याकडे रात्री दहालाही जमीन तापलेली असते, गरम हवेत ठिपका असा नाचतो की सगळा डेटा वाया. डिसेंबरमध्ये ये, हवा शांत असते आणि बामणोदकडची वांगी पण येतात, टेस्ट झाली की तिथेच काड्यांवर भरीत लावू.